पाहुणे की रहिवासी? मुलांकडे परदेशात जाणाऱ्या भंडाऱ्याच्या पेन्शनरांनी आधी काय ठरवायला हवं

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडया भरतात. शेतात धानाची कापणी सुरू असते. बँकांमध्ये हयातीचा दाखला द्यायला पेन्शनरांची गर्दी असते. आणि याच दिवसांत काही घरांमध्ये बॅगा भरल्या जातात. मुलगा अमेरिकेत, नाहीतर मुलगी कॅनडात. डिसेंबरात त्यांना नाताळची सुट्टी मिळते, म्हणून आईवडिलांचं तिकीट त्याआधीचं काढलं जातं.

जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले कर्मचारी, जिल्हा परिषदेच्या शाळांमधले शिक्षक, वरठीच्या सनफ्लॅगसारख्या कारखान्यांत आयुष्य घातलेले कामगार. या पिढीने पोरांना नागपूर-पुण्याला शिकवलं आणि पोरं तिथून पुढे परदेशात गेली. आता मुलं म्हणतात, "तिकडे दोघंच कशाला राहता? इकडेच या कायमचे."

वाक्य मायेचं आहे. पण 'कायमचे' हा शब्द घरात जितका सोपा वाटतो, तितका तो सरकारी कागदांवर सोपा नाही. व्हिसा देणारा देश, पेन्शन देणारं सरकार, आयकर खातं आणि बँक, असे चौघं तुमच्या राहण्याचा हिशोब चार वेगवेगळ्या पद्धतींनी करतात. एकाच्या लेखी तुम्ही पाहुणे असता, दुसऱ्याच्या लेखी रहिवासी. हा गोंधळ आधी सोडवला नाही, तर नव्या घरात बस्तान बसण्याआधीच जुन्या घराचे व्यवहार अडकतात.

पहिला हिशोब व्हिसाचा

अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा बहुतेकदा दहा वर्षांचा मिळतो. त्यामुळे दहा वर्षं कधीही जा आणि हवं तितकं राहा, असा अनेकांचा समज होतो. तसं नसतं. किती दिवस राहायचं ते विमानतळावर उतरल्यावर ठरतं. साधारणपणे सहा महिने मिळतात आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. व्हिसाची मुदत बाकी असली तरी ही तारीख ओलांडली की मुक्काम बेकायदा ठरतो आणि पुढच्या वेळी व्हिसा मिळणं अवघड होतं.

कायमचं राहायचं तर ग्रीन कार्ड लागतं. आईवडिलांसाठी त्याचा अर्ज फक्त अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं, २१ वर्षं पूर्ण झालेलं अपत्यच करू शकतं. मुलगा एच-वन-बी व्हिसावर असेल किंवा त्याच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर त्याला आईवडिलांना कायमचं बोलावता येत नाही. अर्जासाठी नातं सिद्ध करायला मुलाचा जन्मदाखला लागतो. त्यावरचं वडिलांचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यात एका अक्षराचा फरक असला तरी नगरपरिषदेच्या फेऱ्या सुरू होतात. १९५०-६० च्या दशकात खेड्यात जन्मलेल्या आईवडिलांचा स्वतःचा जन्मदाखला तर अनेकदा नसतोच. मग नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात.

इतर देशांचे नियम आणखी वेगळे आहेत. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आधी दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियात पैसे भरून मिळणाऱ्या पालक व्हिसाचा खर्च एका माणसामागे ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातो, शिवाय निदान निम्मी मुलं तिथे स्थायिक असावी लागतात. ब्रिटनमध्ये आईवडिलांना रोजची देखभाल लागते आणि ती मायदेशी मिळणं शक्य नाही, हे सिद्ध करावं लागतं. हिंडते-फिरते आजी-आजोबा त्यात बसत नाहीत.

दुसरा हिशोब पेन्शनचा

परदेशात राहायला गेलं म्हणून पेन्शन बंद होत नाही. ती बंद पडते हयातीचा दाखला न दिल्यामुळे. राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी जिल्हा कोषागारातून बँकेत येते आणि नोव्हेंबरात त्यावर सही करायची असते. केंद्राच्या पेन्शनरांनाही नोव्हेंबरातच दाखला द्यावा लागतो, ८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस-९५ ची पेन्शन घेणाऱ्या खासगी कामगारांना मात्र वर्षात केव्हाही दाखला देता येतो आणि तो पुढचे बारा महिने चालतो.

म्हणजे ऑक्टोबरात निघालेला माणूस नेमका दाखल्याच्या महिन्यात परदेशात असतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे २०१४ साली सुरू झालेली 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय. त्यात आता मोबाईलसमोर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, पण आधार आणि पेन्शनचा तपशील जुळलेला हवा. दुसरा उपाय म्हणजे तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा वाणिज्य दूतावासातून दाखला घेऊन इकडे पाठवणं. दाखला राहिला तर पेन्शन थांबते. तो पोहोचला की थकबाकीसह पुन्हा सुरू होते, पण मधल्या महिन्यांत खर्चासाठी मुलांपुढे हात पसरावा लागतो. आयुष्यभर स्वतःच्या पगारावर जगलेल्या माणसाला ते फार लागतं.

एक छोटी वाटणारी गोष्ट इथे महत्त्वाची ठरते, ती म्हणजे मोबाईलचं सिमकार्ड. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो. रिचार्ज संपला आणि नंबर बंद झाला की खात्यात पैसे असूनही ते हलवता येत नाहीत. रोमिंग निघण्याआधीच सुरू करून घ्यावं लागतं.

तिसरा आणि चौथा हिशोब: आयकर आणि बँक

आयकर खातं दिवस मोजतं. आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलेला माणूस त्या वर्षापुरता निवासी असतो. एप्रिल ते ऑक्टोबर इकडे राहून नोव्हेंबरात निघालेल्या माणसाचे २१४ दिवस भारतात झालेले असतात. त्यामुळे त्या वर्षी आयकराच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. प्रश्न पुढच्या वर्षापासून सुरू होतो.

बँकेला लागू होणारा परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, दिवसांबरोबर हेतूही पाहतो. नातवंडाला भेटून सहा महिन्यांत परतणारा माणूस निवासीच राहतो. पण ग्रीन कार्ड घेऊन, परत येण्याची तारीख न ठरवता गेलेला माणूस अनिवासी ठरतो. मग त्याला साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. पेन्शन त्यात जमा होऊ शकते आणि कर भरून परदेशातही नेता येते. मात्र एनआरओ ठेवींच्या व्याजातून ३० टक्के दराने कर आधीच कापला जातो आणि ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदर बहुतेक बँका या ठेवींना देत नाहीत. अनेक घरांत बँकेला कळवलंच जात नाही. मग काही वर्षांनी पत्ता किंवा केवायसी तपासताना हे उघड होतं आणि खात्यावरचे व्यवहार अडतात.

शेताचं काय?

भंडाऱ्यात निवृत्त माणसाकडे दोन-चार एकर धानाची शेती असणं अगदी सामान्य आहे. अनिवासी झाल्यावरही आधी घेतलेली किंवा वारशाने आलेली शेती स्वतःच्या नावावर राहू शकते. नवी शेती मात्र विकत घेता येत नाही आणि असलेली विकायची तर ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते.

खरी अडचण रोजच्या कामांची असते. ई-पीक पाहणीची नोंद बांधावर जाऊन करावी लागते. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसेल तर आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकताना अडवणूक होते. शेत भावाला किंवा ओळखीच्या माणसाला तोंडी बटईने दिलं तर वर्ष-दोन वर्षं निभतं, नंतर वाद होतात. म्हणून निघण्याआधी दुय्यम निबंधकाकडे ठरावीक कामांपुरतंच मुखत्यारपत्र नोंदवलेलं बरं. परदेशात गेल्यावर ते करायचं तर तिथे साक्षांकित करून इकडे पाठवावं लागतं आणि राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

घर विकायची घाई का नको?

मुलांचा पुढचा आग्रह असतो तो भंडाऱ्याचं घर विकण्याचा. बंद घराला वाळवी लागते, हे खरं. पण नव्या देशातला पहिला हिवाळा बरंच काही शिकवतो. सुट्ट्यांत घर भरलेलं असतं, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम असतात. जानेवारीत मुलगा-सून कामावर आणि नातवंडं शाळेत जातात. बाहेर बर्फ असतो, गाडी चालवता येत नाही आणि पायी जाऊन गप्पा माराव्यात अशी पानटपरी नसते. आपल्याला तिथे खरंच राहायचं आहे का, याचा अंदाज तेव्हाच येतो.

आजारपणाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ७० वर्षांवरच्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान कार्ड फक्त भारतातल्या रुग्णालयांत चालतं. प्रवास विम्यात मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार बहुतेकदा पूर्णपणे धरले जात नाहीत. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालं तरी तिथे कधीच काम न केलेल्या ज्येष्ठांना सरकारी मेडिकेअर विमा सहसा सलग पाच वर्षं राहिल्यावरच विकत घेता येतो. शिवाय ग्रीन कार्डावर वर्षाहून जास्त काळ भारतात राहिलं तर ते धोक्यात येतं. म्हणजे इकडे येऊन सावकाश उपचार घ्यावेत, तर तिकडचा हक्क जातो.

जोडीदारापैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर मागे राहिलेल्याला, बहुतेकदा आईला, कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. पण पेन्शनच्या आदेशात तिचं नाव आणि जन्मतारीख बरोबर हवी आणि बँक खातं दोघांच्या नावावर असलेलं बरं. हे तपासायला भंडाऱ्यात एक सकाळ पुरते. हजारो किलोमीटरवरून तेच काम महिनोन्महिने रेंगाळतं.

म्हणूनच जाणकार सल्लागार एक सोपी वाट सुचवतात. पहिल्या वर्षी पाहुणे म्हणून जायचं, ठरलेल्या तारखेला परतायचं आणि घर, खातं, शेती जशीच्या तशी ठेवायची. एक हिवाळा काढल्यावर निर्णय घ्यायचा. राहायचंच ठरलं तर बँक, आयकर आणि पेन्शन कार्यालय या तिघांनाही तसं एकाच वेळी कळवायचं. आणि हा निर्णय मुलांच्या सुट्टीच्या सोयीने न होता आईवडिलांच्या मर्जीने व्हायला हवा. कारण त्यानंतर ज्याचं गाव, शेजार आणि सवयी बदलणार असतात, ती माणसं तेच असतात.