पडद्यावरील व्याख्यान आणि गावची बैठक

विद्यापीठातील व्याख्यान ऐकण्याचा लाभ पूर्वी केवळ तेथे प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांनाच होत असे. ती स्थिती आता पालटली आहे. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेने आपले पाठ्यसाहित्य सर्वांस विनामूल्य खुले करण्याचा संकल्प २००१ साली जाहीर केला. आपल्या देशात आयआयटी संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटेल’ हा उपक्रम हाती घेतला. पुढे २०१७ साली केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ सुरू झाले. कृषी विद्यापीठांतील व्याख्याने, चर्चासत्रे व शेतकरी मेळावे यांच्या चित्रफितीही आता मोबाइलवर पाहावयास मिळतात. हा लाभ लहान नव्हे. न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो आणि मेळाव्यास जाण्याची सवड नसलेल्या शेतकरी भगिनींनाही ते ज्ञान घरी मिळू शकते.

तथापि, पाहणे म्हणजे शिकणे नव्हे, ही गोष्ट येथे स्पष्टपणे सांगणे अगत्याचे वाटते. या बाबतीत आपल्याच भागातील एक जुना अनुभव मार्गदर्शक ठरेल. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न आकाशवाणीकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. ज्या गावांत मंडळे होती तेथे लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. परंतु ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती त्या मानाने फारच थोडी होती. यंत्र दोन्हीकडे होते. फरक होता तो चर्चेचा.

आज साधन बदलले आहे, मनुष्यस्वभाव बदललेला नाही. एकटा शेतकरी मोबाइलवर तासभर व्याख्यान पाहतो, त्याच्या मनात शंका येते, आणि चित्रफीत मात्र पुढे जाते. ती शंका तशीच राहिली तर सल्ला एक तर विसरला जातो, नाही तर चुकीच्या ठिकाणी वापरला जातो. दापोलीत अधिक पावसाच्या जांभ्या जमिनीसाठी सांगितलेली गोष्ट सोलापूरच्या कोरडवाहू शेतास जशीच्या तशी लागू पडत नाही.

दुसरा धोका कालबाह्य सल्ल्याचा होय. चित्रफीत जुनी झाली तरी पडद्यावर ती नवीच दिसते. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. त्यापूर्वीच्या एखाद्या व्याख्यानात त्याची शिफारस असू शकेल. बीटी कपाशीस गुलाबी बोंडअळी लागत नाही, हे आरंभीच्या वर्षांतील विधान आज खरे राहिलेले नाही. त्यावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याचा सारा हंगाम वाया जाऊ शकतो.

म्हणून आमचे असे मत आहे की, प्रत्येक गावात आठ-दहा शेतकऱ्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ ठरवून शाळेत अथवा ग्रामपंचायतीत एकत्र व्याख्यान पाहावे. आरंभी व्याख्यानाचे वर्ष, विद्यापीठ व कोणत्या विभागासाठी शिफारस आहे हे वहीत लिहावे. मध्ये थांबून चर्चा करावी. न सुटलेले प्रश्न कृषी सहायकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावेत आणि नवी गोष्ट प्रथम थोड्या क्षेत्रावर करून पाहावी. विद्यापीठांनीही प्रत्येक चित्रफितीवर दिनांक व विभाग ठळकपणे द्यावा, रद्द झालेल्या शिफारशींच्या फिती काढून घ्याव्यात आणि गावांकडून आलेल्या प्रश्नांना उत्तरे देण्याची व्यवस्था करावी. हे काम चित्रीकरणाइतकेच महत्त्वाचे आहे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीसारखे कार्यक्रम मात्र शक्य तेव्हा प्रत्यक्षच पाहावेत. पडद्यावर पीक दिसते. परंतु माती हातात घेता येत नाही, मूळ उपटून पाहता येत नाही, की शेजारी उभ्या असलेल्या शास्त्रज्ञास प्रश्न विचारता येत नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, विद्यापीठाचे दार आपणांसाठी उघडले आहे. त्यातून केवळ डोकावून परत न फिरता आपले प्रश्न घेऊन आत जावे, हीच विनंती.