स्फुट विचार : ठाण्यांतून येणारी बातमी

सकाळीं वर्तमानपत्रांत गुन्ह्याची बातमी वाचतांना ती मुळांत कोणीं सांगितली, हें आपण क्वचितच विचारतों. जिल्ह्याचा बातमीदार ती बहुधा ठाणे-अंमलदाराकडून, किंवा पोलीस अधीक्षकांच्या कचेरींतून निघणाऱ्या प्रसिद्धिपत्रकावरून घेतो. त्याचें मानधन तुटपुंजें. ठाण्याची मर्जी फिरली, तर उद्यांची बातमी बंद. त्यामुळें पोलिसांचा पहिला तर्क हाच पुष्कळदां छापील सत्य होऊन बसतो.

भंडारा जिल्ह्यानें हें फार जवळून पाहिलें आहे. मोहाडी तालुक्यांतील खैरलांजी येथें ता. २९ सप्टेंबर २००६ रोजीं एका दलित कुटुंबांतील आई, मुलगी व दोन मुलगे यांची जमावानें हत्या केली. आरंभींच्या बातम्या त्रोटक, आणि त्यांतहि अनैतिक संबंधाचें कारण सुचविलेलें! मृत स्त्रीच्या शीलावर शिंतोडे उडविणारा मजकूर छापण्यास पुराव्याची गरज कोणास वाटली नाहीं. मोठ्या पत्रांचें लक्ष तिकडे वळण्यास सुमारें महिना लागला. नोव्हेंबरांत नागपुरास लोक रस्त्यावर उतरले, पोलीस अधिकारी निलंबित झाले व तपास केंद्रीय अन्वेषण खात्याकडे गेला. भंडाऱ्याच्या न्यायालयानें २००८ सालीं आठ जणांस दोषी ठरविलें. पहिल्या शवविच्छेदनांतील हयगय मात्र भरून निघाली नाहीं.

तेथें सांगावयाचें तें दडलें. पुढें त्याच जिल्ह्यांत, लाखनीजवळील मुरमाडी गांवच्या प्रकरणांत, जें सांगूं नये तें सांगितलें गेलें. ता. १४ फेब्रुवारी २०१३ रोजीं तीन लहान बहिणी नाहींशा झाल्या व दोन दिवसांनीं विहिरींत त्यांचीं प्रेतें सांपडलीं. पोलिसांनीं प्रथम आकस्मिक मृत्यूची नोंद केली. लोकांनीं राष्ट्रीय महामार्ग अडविला, पुढें अत्याचार व खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि प्रकरण देशभर गाजलें. ता. १ मार्च रोजीं राज्यसभेंत निवेदन करतांना तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनीं त्या मुलींचीं नांवेंच वाचून दाखविलीं. हरकत घेतली गेली, तेव्हां तीं कामकाजांतून वगळलीं. अशा गुन्ह्यांत पीडितेचें नांव प्रसिद्ध करणें १९८३ पासून दंडनीय आहे. आणि सांगणारे तर साक्षात् गृहमंत्री!

पीडिता मृत असली व आप्तांनीं संमति दिली, तरी सत्र न्यायाधीशांच्या परवानगीवांचून नांव छापूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१८ मध्यें ठरविलें. सप्टेंबर २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें पोलिसांनीं वृत्तपत्रांस माहिती कशी द्यावी, याची नियमावली करण्यास केंद्रीय गृहखात्यास सांगितलें.

आमच्या मतें पहिल्या दिवशीं ठाण्यानें इतकेंच सांगावें : गुन्हा कोणत्या कलमाखालीं नोंदला, शवविच्छेदन कोठें व केव्हां झालें, तपास कोणाकडे आहे. गुन्ह्याचें कारण सुचविण्याचें काम ठाणे-अंमलदाराचें नव्हे. आणि सुचविलेंच, तर बातमीदारानें त्याच्या नांवानिशीं छापावें.