केनियाची चव्वेचाळिसावी जमात

स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात. नैरोबी-मोम्बासाकडे ज्यांचे आप्त आहेत, त्या वाचकांना हा शब्द परका वाटणार नाही.

‘केनियात बेचाळीस जमाती’ असे तेथे वर्षानुवर्षे म्हटले जाई. त्यांतील किकुयू संख्येने सर्वांत मोठी. तरी २०१९च्या जनगणनेत ४ कोटी ७५ लाखांपैकी त्या सुमारे ८१ लाखच भरल्या. बहुमत कोणाचेच नाही. शिवाय या जमाती वाटतात तितक्या पुरातनही नाहीत. ‘कालेंजिन’ हे नाव १९४०च्या दशकात रूढ झाले. त्याचा अर्थ ‘मी तुला सांगतो’ एवढाच!

मोजदादीत नाव असणे म्हणजे काय, हे माकोंदेंना विचारावे. मोझांबिकहून मळ्यांवर मजुरीस आलेल्यांची ही नातवंडे. ओळखपत्र नाही, म्हणून बँकेत खाते नाही, जमिनीचा कागद नाही. २०१६ साली ते क्वालेहून नैरोबीपर्यंत चालत गेले, तेव्हा कोठे त्रेचाळिसावी जमात ठरले. जुलै २०१७ मध्ये चव्वेचाळिसाव्या स्थानी आले आपले भारतवंशीय.

हे सारे रेल्वेमजुरांचे वंशज, ही समजूत मात्र खरी नव्हे. १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले. बहुतेक परतले, अडीच हजारांच्या आसपास दगावले. जामनगर परिसरातील हालारी ओसवाल कुटुंबे स्वतंत्रपणे, गलबतांतून गेली.

१९६३च्या स्वातंत्र्यानंतर नागरिकत्वासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. व्यापारी घरांनी हिशेब मांडला: एका भावाने केनियाचे नागरिकत्व घ्यावे, दुसऱ्याने ब्रिटिश पारपत्र राखावे. याला अविश्वास म्हणावे की दूरदृष्टी? मला तर ती धास्तीच वाटते. १९६७च्या परवाना कायद्याने नागरिक नसलेल्यांची दुकाने अडचणीत आली. १९६८ मध्ये ब्रिटननेही दार ओढून घेतले. दोन्ही नावांत पाय ठेवणाऱ्यांचे हाल झाले. सर्वांनीच काठावर राहणे पसंत केले होते, असेही नाही. गोव्याच्या वंशाचे पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले, आणि १९६५ साली नैरोबीत त्यांची हत्या झाली.

आता हालारी, शीख, इस्माइली, गोवेकर मिळून ‘एक जमात’! २०१९च्या जनगणनेत आशियाई वंशाचे केनियन नागरिक सुमारे ४७ हजार नोंदले गेले. नागरिकत्व नसलेले आशियाई जवळजवळ ४३ हजार. त्यांचा रकाना वेगळा आहे.