दोन सेकंदांची खडखड

'माझ्या गाडीला सकाळी खोकला येतो,' असं मी सगळ्यांना हसत सांगायचे. चावी फिरवली की पहिले दोन सेकंद बॉनेटखालून खडखड, मग एकदम शांत. सेकंड हँड हॅचबॅक, पण तीन वर्षांच्या सेव्हिंग्जमधून स्वतः घेतलेली. त्यामुळे तिचे सगळे नखरे माफ! बाबा मात्र रोज गॅलरीतून ऐकायचे. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लेथ चालवलेला माणूस तो. 'अगं, दाखवून घे एकदा. हा आवाज बरा नाही.' मी 'हो बाबा, वीकेण्डला' म्हणायचे आणि एफएमचा आवाज वाढवायचे.

तो वीकेण्ड काही उजाडला नाही.

चाकणच्या एका कंपनीच्या हाउस मॅगझिनचं काम होतं. साडेदहाची मीटिंग. नाशिक रोडवर मोशीजवळ नेहमीचा जॅम लागला, म्हणून पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं. रांग हलली, चावी फिरवली... खडखड, मग 'खाड्' असा एक आवाज आणि इंजिन गप्प. मागचा ट्रेलरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. घाबरून मी चार-पाच वेळा सेल्फ मारला. गंमत म्हणजे सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुळकन फिरत होता. मला वाटलं, चला, बॅटरी तरी मस्त आहे!

टो करून गाडी भोसरीच्या गॅरेजमध्ये आणली. तिथल्या काकांनी तो हलका आवाज एकदाच ऐकला आणि म्हणाले, 'ताई, टायमिंग गेलंय. हेड खोलावं लागेल.' दोन दिवसांनी त्यांनी ट्रेमध्ये वॉल्व्ह मांडून दाखवले. सोळापैकी आठ वाकडे. बिलाचा अंदाज ५२ हजार. माझे जवळजवळ दोन महिन्यांचे पैसे, तेसुद्धा सगळे चेक वेळेवर आले तर!

आता हे टायमिंग म्हणजे काय भानगड? चाकणला कॉट बेसिसवर राहिलेल्यांना लगेच कळेल. एकच कॉट, एक जण फर्स्ट शिफ्टला गेला की नाइटवाला येऊन झोपतो. इंजिनमध्ये पिस्टन आणि वॉल्व्ह यांचं तसंच आहे. बऱ्याच आधुनिक इंजिनांत दोघं एकच जागा वापरतात, पण वेगवेगळ्या वेळी. खाली क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की वर कॅमशाफ्टचा एक झालाच पाहिजे. हा हिशेब टायमिंग चेन सांभाळते. टॅकोमीटरवर तीन हजारचा काटा दिसतो, तेव्हा क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे मारतो आणि प्रत्येक वॉल्व्ह २५ वेळा उघडतो. चेन स्प्रॉकेटवरून काही दात घसरली, की वॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन वर येतो आणि त्याला ठोकतो. वाकडा वॉल्व्ह नीट बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं. म्हणून तर माझा सेल्फ इतका हलका फिरत होता. आणि मी हौसेनं मारलेल्या प्रत्येक सेल्फला ती ठोकाठोकी पुन्हा होत होती!

'पण काका, चेन तर लाइफटाइम असते ना?' हा माझा प्रश्न. गाडी घेताना मला हेच सांगितलं होतं. बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला बदलायचा ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. चेनबद्दल सहसा काहीच नसतं. पण चेनचं आयुष्य ऑइलवर अवलंबून असतं. ऑइल जुनं झालं, कमी झालं की कड्यांच्या पिना झिजतात आणि चेन लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत ऑइलच्याच प्रेशरवर चालतो. रात्रभर ऑइल खाली उतरलेलं असतं. सकाळी प्रेशर येईपर्यंत सैल चेन आपटत राहते. माझ्या गाडीचा 'खोकला' तो हाच.

मागच्या ऑइल चेंजनंतर गाडी फक्त सात हजार चालली होती. पुस्तकात दहा हजार लिहिलंय, मग घाई कसली? त्याच ओळीत पुढे 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असंही होतं. माझे एकोणीस महिने झाले होते! शिवाय चाकणच्या जॅममध्ये इंजिन तास-तास चालू राहतं आणि मीटर जागचा हलत नाही.

टायमिंगमधली चूक किती महाग पडते, ते कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. २०२१च्या फेब्रुवारीत महिंद्राने डिझेल थारच्या १,५७७ गाड्या परत बोलावल्या. पुरवठादाराकडच्या मशीन सेटिंगमध्ये चूक झाली होती आणि त्यामुळे कॅमशाफ्टमध्ये दोष असण्याची शक्यता होती. मला तर बाबा रोज फुकटात रिकॉल देत होते.

आपलं गाव म्हणजे गाड्यांचं गाव. आकुर्डीत बजाज, पिंपरीत टाटांची इंडिका, २००९मध्ये चाकणला फोक्सवॅगन. आपल्याला ईएमआय पाठ असतो, मायलेज पाठ असतं. इंजिनचा आवाज मात्र बाबांच्या पिढीलाच कळतो.

बाबा गॅरेजमध्ये आले, तेव्हा आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी तयारीतच होते. त्यांनी एक वाकडा वॉल्व्ह उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि काकांना एवढंच म्हणाले, 'गाइडपण तपासून घ्या.' अर्धं बिल त्यांनी भरलं. ते हप्त्याहप्त्यानं फेडायचं, असं मीच ठरवलंय.

तर दोस्तहो, उद्या सकाळी गाडी सुरू करताना पहिले दोन सेकंद एफएम बंद ठेवा. खडखड ऐकू आली तर ऑइल बघा आणि त्याच आठवड्यात मेकॅनिक गाठा. रस्त्यात 'खाड्' झालंच, तर सेल्फला हात लावू नका. सरळ टो बोलवा. मागचा ट्रेलरवाला वाजवू दे काय वाजवायचं ते!