चित्रातला माणूस पारनेरला कधी येणार?

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले. तेथे तिकीट नाही, दारावर कोणी कुळगोत्र विचारीत नाही. असे असूनही, लालबाग-परळच्या चाळींत उभे आयुष्य काढलेल्या पारनेर तालुक्यातील किती माणसांनी त्या दालनाची पायरी चढली, असा प्रश्न केला, तर त्याच्या उत्तरासाठी पाहणी करावी लागणार नाही. पायरी चढण्यास मनाई नव्हती. परंतु ती आपल्यासाठी आहे, असे त्यांना कोणी कधी सांगितले नाही. मनाईविरुद्ध निदान सत्याग्रह तरी करता येतो. या मौनाविरुद्ध काय करावे?

हा प्रश्न उपस्थित करण्याचे कारण असे, की आधुनिक जीवन, कुटुंब आणि माणसामाणसांतील नाती हे गेल्या काही दशकांत कलाप्रदर्शनांचे आवडते विषय होऊन बसले आहेत. देवदेवता आणि संस्थानिक मागे पडले, लोकलच्या डब्यात लोंबकळणारा माणूस भिंतीवर आला. समाजवादी विचाराच्या माणसाने या घटनेचे मनापासून स्वागत केले पाहिजे. मात्र ज्याचे चित्र भिंतीवर लागले, तो स्वतः भिंतीसमोर उभा राहिला काय, हेही त्याने विचारले पाहिजे.

१९८१ साली मुंबईत आणि दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' या नावाचे एक प्रदर्शन भरले होते. भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन हे त्यातील सहा चित्रकार. कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्याची वैचारिक बाजू मांडली होती. अमूर्त चित्रकलेचा बोलबाला असलेल्या काळात या मंडळींनी माणसाला, त्याच्या वस्तीला आणि त्याच्या रोजच्या जगण्याला चित्रात पुन्हा जागा दिली. भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या प्रदर्शनाचा उल्लेख आदराने केला जातो आणि तो यथायोग्यच आहे. आता दुसरी तारीख पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अनेकांना गावाकडची वाट धरावी लागली आणि त्यांपैकी बरेच जण गिरणीत परत गेलेच नाहीत. 'माणसांसाठी जागा' मागणारे प्रदर्शन आणि माणसांची जागा हिरावून घेणारा तो काळ यांच्यामध्ये काही महिन्यांचे व अवघ्या काही मैलांचे अंतर होते. तरीही एकाची वार्ता दुसऱ्याला पोहोचली नाही. चित्रकारांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. कामगारांच्या संघटना होत्या, आमच्यासारख्यांचे पक्ष होते, साप्ताहिके होती. मधला पूल बांधण्याचे काम त्यांचे होते.

या सहा जणांपैकी सुधीर पटवर्धन यांच्याकडे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पुण्यात १९४९ साली जन्मलेला हा माणूस वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७३ मध्ये मुंबईला आला आणि सुमारे तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत राहिला. दिवसा माणसांची हाडे पाहावयाची आणि उरलेल्या वेळात माणसे रंगवावयाची! मार्क्सवादी विचारांचा प्रभाव घेऊन त्यांनी प्रारंभ केला. परंतु त्यांच्या कॅनव्हासवर मुठी आवळलेला, छाती पुढे काढलेला घोषणाफलकावरील कामगार फारसा दिसत नाही. 'इराणी रेस्तराँ', 'ट्रेन', 'लोअर परळ' अशा चित्रांतून दिसतो तो दमलेला, वाट पाहणारा, गर्दीत असूनही एकटा पडलेला माणूस. आपल्या पक्षाच्या भित्तिपत्रकांवर आपण जो कामगार छापीत आलो, त्याला घर नव्हते, पाठदुखी नव्हती, बायकोशी अबोला नव्हता. पटवर्धनांच्या कामगाराला हे सारे आहे. म्हणून तो अधिक खरा वाटतो.

पुढे त्यांची दृष्टी रस्त्यावरून घराकडे वळली. २०११ मधील त्यांच्या प्रदर्शनाचे नावच 'फॅमिली फिक्शन' असे होते. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे सिंहावलोकन करणारे मोठे प्रदर्शन भरले. कुटुंब हा विषय चित्रकाराने निवडला म्हणजे त्याने सामाजिक प्रश्नाला पाठ दाखविली, असे आपल्यातील काही साथींना वाटते. हे मत मला उथळ वाटते. बाजाराचा दर, कारखान्याचा भोंगा आणि भाड्याची खोली यांचा हिशेब शेवटी स्वयंपाकघरातच होतो. मात्र माझी एक तक्रार आहे. आपल्या कलादालनांतून जे आधुनिक कुटुंब सामान्यतः दिसते, ते एका छपराखालचे असते. त्यातील माणसे एका खोलीत असून एकमेकांना दुरावलेली असतात. हे दुःख खरे आहे. पण ते मुख्यतः शहरी मध्यमवर्गाचे आहे.

पारनेरचे आधुनिक कुटुंब याच्या नेमके उलट आहे. ते दोन छपरांखाली विभागलेले आहे आणि तरीही एक राहण्याची धडपड करते. या पठारी, अवर्षणप्रवण तालुक्यातून मुंबईला जाण्याची रीत कित्येक पिढ्यांची. मुलगा खोलीवर, म्हातारी गावात. सून कधी इकडे, कधी तिकडे. तिची स्वतःची इच्छा कोठे राहण्याची आहे, हे तिला कोणी विचारीत नाही. यात्रेला आणि लग्नसराईला घर भरते, एरवी ओसरी रिकामी. पूर्वी मनिऑर्डरीने बांधलेले हे नाते आता मोबाईलच्या पडद्याने बांधले आहे. त्यामुळे आवाजाची सोय झाली, पण औषध आणून देणाऱ्या हाताची झाली नाही. २०२० च्या टाळेबंदीत हेच मुंबईकर परतले, तेव्हा महाराष्ट्राच्या गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांना वेगळे ठेवले गेले. आई फाटकाबाहेर डबा ठेवून दहा पावले मागे सरते आणि मग लेक पुढे येऊन तो उचलतो, हे दृश्य कितीतरी गावांनी पाहिले. आधुनिक जीवन, कुटुंब आणि मानवी नाते या तिन्ही गोष्टी त्या दहा पावलांच्या अंतरात होत्या. ते अंतर कोणी रंगविले?

आता सेनापती बापटांकडे येऊ. १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे जन्मलेल्या या पुरुषाने मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडले. मुंबईत ज्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, तो गिरणगावाच्या कडेने जातो. कमला मिल, फिनिक्स मिल, मथुरादास मिल ही त्या रस्त्यावरील नावे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीची वाट मोकळी केली. २००१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक जागा आणि घरे यांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. फिनिक्स मिलच्या जागी भव्य बाजारपेठ उभी राहिली. या भागातील जुन्या शेडमधून कार्यालये, उपाहारगृहे आणि काही कलादालनेही आली. जेथे साचे चालत, त्या जुन्या लोखंडी कैच्यांखाली पांढऱ्या भिंतींवर 'नागरी एकाकीपणा'ची चित्रे लागली! त्या भिंतींवर पूर्वी हजेरीचे बोर्ड असत. जमिनीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर हे घडावे आणि त्याच्याच तालुक्यातील कामगाराने तेथे सुरक्षारक्षकाच्या गणवेशात दार उघडण्यासाठी उभे राहावे, यापेक्षा अधिक बोलके चित्र कोणत्या दालनात मिळणार आहे?

आपल्यातील व्यवहारी कार्यकर्ते यावर म्हणतील की कांद्याला भाव नाही, टँकर वेळेवर येत नाही, आणि हे गृहस्थ चित्रप्रदर्शनाच्या गोष्टी सांगतात. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. राष्ट्र सेवा दलाची १९४१ मध्ये पुनर्बांधणी झाली, तेव्हाही भाव आणि पाणी यांचे प्रश्न होतेच. तरीही सेवा दलाचे कलापथक गावोगावी गेले. वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर ही नावे त्याच कलापथकाशी जोडलेली आहेत. लोकनाट्य पाहून लोकांनी भाव मागणे सोडून दिले नाही. उलट कोणाकडे मागावयाचा, हे त्यांना अधिक नीट कळले. नाटक आपण पारावर नेले, पोवाडा नेला, गाणे नेले. चित्र मात्र नेले नाही. ते श्रीमंताच्या दिवाणखान्याचे, अशी आपली समजूत झाली आणि आपण ते त्यालाच देऊन टाकले.

वास्तविक पारनेरला चित्र आणि शिल्प परके नाही. टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यात सप्तमातृका कोरलेल्या आहेत. शतकानुशतके शेतकरी त्यांच्यासमोर उभा राहत आला आहे, आणि त्यासाठी त्याला कोणी कलास्वादाचा वर्ग घेतला नव्हता. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये सुरू झाल्यावर रंगीत तसबिरी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरला (आता अहिल्यानगर), महावीर कलादालनात प्रमोद कांबळे यांनी पेन्सिलने रेखाटलेले थोर व्यक्तींचे विशाल भित्तिचित्र आहे. ते पाहण्यास शाळांच्या सहली जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण थोरांना पाहून मुलगा मान वर करतो. आपल्या आईला चित्रात पाहून तो काय करील, हे पाहण्याची संधी आपण अद्याप त्याला दिलेली नाही.

शिवाय प्रत्येक घराच्या भिंतीवर एक प्रदर्शन आहेच. हार घातलेला आजा, स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्यापुढे ताठ बसलेले नवरा-बायको, गेटवेसमोर उभा राहिलेला, कपडे बहुधा मित्राकडून मागून आणलेला तरुण. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना ज्या गोष्टी दप्तरांत सापडत नाहीत, त्या या भिंतींवर आहेत आणि घर पाडून नवे बांधताना त्या उकिरड्यावर जात आहेत.

प्रदर्शन लोकांपर्यंत नेता येते, याची दोन उदाहरणे आपल्यासमोर आहेत. २००८-०९ च्या सुमारास खुद्द पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय चित्रकारांच्या कामाचे फिरते प्रदर्शन योजले आणि ते महाराष्ट्रातील मुंबईबाहेरच्या शहरांत नेले. चित्रकाराने स्वतः उठून असे करावे, ही मोठी गोष्ट. परंतु तेही शहरापर्यंतच आले. तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचण्यास त्याच्यामागे संघटना नव्हती. दुसरे उदाहरण पत्रकार पी. साईनाथ यांचे. ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांवरील त्यांचे छायाचित्रप्रदर्शन बसस्थानकांत, रेल्वे स्थानकांत, कारखान्यांत, शेतमजुरांच्या मेळाव्यांत लागले, आणि काही ठिकाणी त्याचे उद्घाटन श्रमिक स्त्रियांच्याच हस्ते झाले. लाखो लोकांनी ते पाहिले. त्यासाठी वातानुकूलित दालन लागले नाही.

तेव्हा पक्षाच्या पारनेर तालुका शाखेपुढे एक सूचना ठेवतो. येत्या १२ नोव्हेंबरला सेनापतींच्या पुतळ्यांना आणि तसबिरींना हार घालण्याचा कार्यक्रम होईलच. त्याबरोबर पारनेरच्या एस.टी. स्थानकात आठ दिवसांचे एक प्रदर्शन भरवावे. एस.टी. स्थानक अशासाठी, की या तालुक्यातील प्रत्येक ताटातूट आणि प्रत्येक भेट तेथेच झालेली आहे, आणि गाडीची वाट पाहणाऱ्यापाशी वेळ असतो. घरोघरच्या भिंतींवरील छायाचित्रे मागून घ्यावीत, त्यांच्या प्रती मोठ्या करून मूळ छायाचित्रे दुसऱ्या दिवशी परत द्यावीत; यात हयगय झाली तर पुढे कोणी काही देणार नाही. प्रत्येकाखाली घरच्या माणसाने सांगितलेल्या दोन ओळी त्याच्याच शब्दांत असाव्यात. तेथे आमच्या बौद्धिकाची भाषा नको. त्यांच्या शेजारी गिरणगाव रंगविलेल्या चित्रकारांच्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रतिमा, त्यांची परवानगी घेऊन, लावाव्यात. चित्रकारांना निमंत्रण द्यावे, मात्र भाषणासाठी नव्हे. त्यांनी बाकावर बसावे आणि लोक आपल्या चित्रापुढे काय बोलतात, ते ऐकावे. कोणी म्हणेल, 'हे काय काढलंय, माणूस असा दिसतो का?' तेही ऐकून घ्यावे.

खर्च फार नाही. सुतळी, पुठ्ठे, छपाई आणि आठ रात्रींची राखण. पुढाऱ्यांची छायाचित्रे असलेला फलक बाहेर लावू नये, एवढे पथ्य शाखेने पाळले तर छपाईचा निम्मा खर्च तेथेच वाचेल. आगार व्यवस्थापकांकडे परवानगीचा अर्ज दिवाळीपूर्वीच द्यावा लागेल, कारण सुट्ट्यांत गर्दीमुळे तो कोणी वाचणार नाही. उद्घाटनासाठी आमदार-खासदारांची नावे निघतील. माझी सूचना अशी, की ज्या म्हातारीचा फोटो सर्वांत आधी मिळेल, तिलाच बोलवावे. तिला आणण्या-नेण्याची सोय कोण करणार, हे मात्र तालुका बैठकीत आजच ठरवून ठेवावे.