सही आधी, हिशेब नंतर?

रबाळे एमआयडीसीत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. वीज महावितरणचीच, माझ्यासारख्याला दुसरा पर्याय नाही. त्यामुळे परदेशी गुंतवणूकदारांनी सरकारवर केलेल्या दाव्यांची बातमी आली की मला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्पच आठवतो. त्याचा १९९३ चा करार असा, की वीज उचला वा न उचला, राज्य वीज मंडळाने, म्हणजे महावितरणच्या पूर्वसुरीने, स्थिर आकार भरायचाच. २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. मग प्रकल्पातल्या भागीदार कंपन्या जीई आणि बेक्टेल, भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराच्या आधारे, मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांमार्फत भारताविरुद्ध लवादात गेल्या. २००५ मध्ये तडजोड झाली. मक्तेदारी सरकारी, करार बंद दाराआड आणि भुर्दंड जनतेला, हे मला मान्य नाही. गुंतवणूकदारांना असा लवाद देऊ शकणारे मुक्त व्यापार करार जरूर करा. पण सरकारी वीज कंपनीला बांधणारं प्रत्येक कलम, लवादाच्या अटींसकट, सहीआधी विधिमंडळात मांडा.