पटावर नसलेली मुले

२०२५ च्या दहावीच्या परीक्षेसाठी राज्यातून १६,११,६१० विद्यार्थ्यांची नोंदणी झाली. मुलगे ८,६४,१२०, मुली ७,४७,४७१ आणि तृतीयपंथी १९. आदल्या वर्षी हा शेवटचा आकडा ५६ होता. तो एवढा का घसरला, असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हे अर्ज आपल्याच शाळांच्या लॉगिनमधून भरले जातात. काही नोंदी घाईत चुकीचा पर्याय निवडला गेल्यानेही पडल्या असतील. शेवटच्या तारखेला अर्ज कसे भरले जातात ते आपण जाणतो. पण २०११ च्या जनगणनेत ज्या राज्यात ४०,८९१ जणांची नोंद स्त्री किंवा पुरुष न होता ‘इतर’ अशी झाली, त्या राज्यात दहावीपर्यंत पोचलेली अशी मुले अवघी एकोणीस असतील, यावर विश्वास बसत नाही. समलिंगी मुलामुलींचा तर रकानाच नाही, आणि तो असूही नये.

प्रशिक्षणात हा विषय निघाला की शिक्षकांचा पहिला प्रश्न असतो, ‘अशी मुले ओळखायची कशी?’ ओळखायची नाहीत. ते आपले काम नाही. आपले काम एवढेच की आठवीत आलेले मूल, ते कोणीही असो, बारावीपर्यंत वर्गात टिकले पाहिजे.

कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याआधी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशी एकेक वसतिगृहे उभी राहिली. कोण शाळेबाहेर आहे आणि कशामुळे, हे आधी पाहायचे आणि मग नेमका तोच अडसर काढायचा, अशी ती रीत होती. आपण जयंतीला मिरवणूक काढतो. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात मात्र कारण म्हणून स्थलांतर, गरिबी, आजारपण, विवाह असे लिहून मोकळे होतो. ‘वर्गात रोज बायल्या म्हणत होते म्हणून आला नाही’ हे त्या कागदावर कधी उमटत नाही.

या जिल्ह्यात त्या मुलाला शाळेबाहेर नेणारी एक जुनी वाटही आहे. आवाज बारीक, चालणे वेगळे, मुलींत रमणारा असा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की घरात कुजबुज सुरू होते. कोणीतरी म्हणते, देवीचे आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला सौंदत्तीला जाणे होते, आणि काही घरांत तो मुलगा परत येतो तो यल्लम्माचा जोगता होऊन. शाळा सुटते, परडी आणि चौंडके हाती येते. राजन गवस यांनी ‘भंडारभोग’मध्ये हे जगणे आतून लिहिले आहे, ‘जोगवा’ चित्रपटाने ते घरोघरी पोचवले. गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासी परिषद झाली. देवदासी प्रथेविरुद्धच्या त्या चळवळीचा भर स्त्रियांवर होता आणि तो योग्यच होता. जोगत्या मुलाच्या शाळेचा प्रश्न मात्र मागे राहिला.

इथे शिक्षकांनी अंधश्रद्धेवर भाषण देऊन समाधान मानू नये. ज्या मुलाला शाळेत मित्र नाही, घरात मान नाही, त्याला त्या परंपरेत निदान एक नाव आणि एक जागा मिळते. ती शाळेत का मिळाली नाही, हा प्रश्न आपल्याला लागू आहे. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाची शाळा अशी सोडवली जात असेल, तर बालकल्याण समितीकडे जाण्याचा मार्ग मुख्याध्यापकांना मोकळा आहे.

मुलींचे प्रकरण याहून लवकर मिटवले जाते. नववीतल्या दोघी फार जवळ आहेत, चिठ्ठी सापडली, एवढ्यावरून बाके बदलली जातात, पालकांना बोलावले जाते, सगळे त्यांच्यासमोर वाचून दाखवले जाते. पुढे एकीचा दाखला काढला जातो आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. शाळेच्या लेखी विषय संपतो. यात शाळेने काय केले? एका अल्पवयीन मुलीचे शिक्षण थांबवायला हातभार लावला.

कायदा काय म्हणतो, हे थोडक्यात. पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम २०१९ चे कलम १३ सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त सर्व शाळांवर भेदभाव न करता शिक्षण देण्याचे बंधन घालते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन खासगी शाळांतील नोकरी गमवावी लागलेल्या पारलिंगी शिक्षिकेला भरपाई दिली आणि समान संधीचे धोरण आखायला समिती नेमली. संस्थाचालकांनी हा निकाल वाचावा. केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत पारलिंगी विद्यार्थ्यांना नववीपासून पुढे वर्षाला १३,५०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. मात्र तिला पारलिंगी असल्याचे प्रमाणपत्र लागते आणि अल्पवयीन मुलाच्या वतीने अर्ज आईवडिलांनी किंवा पालकाने करायचा असतो. म्हणजे ज्याला घरी सांगताच येत नाही, त्याच्यापर्यंत ही रक्कम पोचणारच नाही. योजना आखणाऱ्यांनी नेमके हेच मूल विसरावे, याला काय म्हणावे?

मार्गदर्शक पुस्तिका येईल मग पाहू, असेही कोणी म्हणू नये. एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी अशी पुस्तिका काढली होती. ओरड झाली आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून उतरवली गेली.

तेव्हा येत्या जूनच्या नियोजनाच्या बैठकीत, परिपत्रकाशिवाय आणि खर्चाशिवाय करता येण्याजोगे बरेच आहे. पहिली गोष्ट शिक्षकांच्या जिभेची. स्नेहसंमेलनात साडी नेसून नाचलेल्या मुलाला टाळ्या देणारे आपणच, आणि पुढे वर्षभर त्यावरून त्याला चिडवणारेही अनेकदा आपणच. पी.टी.च्या तासाला हे सर्वाधिक चालते. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तमिळनाडूतील पाहणीत समलिंगी, पारलिंगी अशा तरुणांपैकी ६० टक्क्यांनी माध्यमिक शाळेत मारहाण सोसल्याचे सांगितले, तक्रार केली होती फक्त १८ टक्क्यांनी, आणि सुमारे एक-तृतीयांश जणांच्या शाळा सोडण्यात या छळाचा वाटा होता. तक्रार आली नाही म्हणून आपल्याकडे असे काही नाही, हे समजणे सोडायला हवे.

दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. मुलांच्या स्वच्छतागृहात छळ होतो म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुले असतात. आतून कडी लागणारे एक स्वच्छतागृह कोणालाही, कारण न विचारता, वापरू द्यावे. वसतिगृह असलेल्या शाळांनी रात्रीकडे लक्ष द्यावे. मोठ्या मुलांनी लहान मुलावर केलेला लैंगिक अत्याचारही पॉक्सोखाली येतो आणि तो कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. ‘मुलगाच आहे, त्यात काय’ असे म्हणून ते दाबणारा अधीक्षक स्वतः गुन्हा करत असतो. २०२२ पासून शाळांत असलेल्या सखी सावित्री समितीने हे विषयही आपले मानावेत.

सगळ्यात अवघड आहे ते घरी कळवण्याचे. मुलाने विश्वासाने सांगितलेले परस्पर पालकांना सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तर गोष्ट वेगळी. बाकी वेळी कधी सांगायचे, कोणाला सांगायचे, हे त्या मुलाने ठरवावे. आपण सोबत बसावे. पालक स्वतः आले आणि औषध विचारू लागले, तर सांगावे की हा आजार नाही. ‘बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर गैरवर्तन करतो, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. पालकांच्या हाती बिंदुमाधव खिरे यांची ‘इंद्रधनू’ किंवा ‘मनाचिये गुंती’ द्यावी. चित्रा पालेकर आणि इतर पालकांनी उभारलेल्या ‘स्वीकार’ या गटाची माहिती द्यावी. सूचनाफलकावर मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक लावावेत.

ज्या शाळांनी यातले काही करून पाहिले आहे, त्यांनी काय जमले आणि कुठे अडले ते आम्हाला लिहून पाठवावे. पुढच्या अंकांत ते छापू. मुलांची, गावांची नावे लिहू नका.